समोरच्या दाराचं राउटिंग

साडू असायला माझी हरकत नाही, पुष्कळांना असतो. फक्त तो समोरच्या दारात राहू नये, आपल्याच धंद्यात नसावा आणि त्याचा फोटो सासूबाईंच्या फ्रीजवर लागू नये. माझ्या बाबतीत या तिन्ही गोष्टी घडलेल्या आहेत.

फोटो त्याच्या कंपनीच्या मासिकातून कापलेला, रंगीत. खाली छापलं होतं, 'दोनशे राउटर, एक फाइल.' मी स्वतः गेली सतरा वर्षं एका विमा कंपनीचं नेटवर्क सांभाळतो. मासिकाचं सोडाच, कंपनीच्या नोटीस बोर्डावर माझं नाव एकदाच लागलं, तेही जेवणाच्या खोलीची किल्ली हरवली म्हणून.

त्या रविवारी दोन्ही जावई सासूबाईंकडे जेवायला होतो. मी थोरला, तो धाकटा. पंगतीत पहिलं ताट माझ्यापुढे येतं, पण पहिला प्रश्न त्याला जातो.

"धाकटे जावई, ते फाइलीचं एकदा नीट समजावून द्या हो," सासूबाई म्हणाल्या. "परवा शेजारणीला सांगताना माझी पंचाईत झाली."

"सोपं आहे आई," साडू म्हणाला. त्याला सगळंच सोपं असतं. "समजा तुम्हाला ही खोली लावून घ्यायची आहे. जुनी पद्धत म्हणजे माणसाला एकेक हुकूम द्यायचा. खुर्ची उचल, डावीकडे सरकव, टेबल पुढे घे. नव्या पद्धतीत खोली शेवटी कशी दिसायला हवी त्याचं चित्रच हातात द्यायचं. खोलीत काय आहे आणि चित्रात काय आहे हे संगणकातलं टूल ताडून बघतं आणि जो फरक असेल तो मिटवतं. आमच्याकडे कुठला डेटा कुठल्या रस्त्याने जायचा याचे नियम असे लिहून ठेवलेत. कोणाच्या डोक्यात काही ठेवायचं नाही."

"आणि जुनी पद्धत आता कोण वापरतं?" सासूबाईंनी निर्मळ मनाने विचारलं.

माझी बायको माझ्याकडे बघत नव्हती, आणि ती बघत नाहीये हे सगळ्यांना दिसत होतं.

"आमच्या सोसायटीचं नेटवर्क मी याच महिन्यात फाइलीवर घेतोय," मी म्हणालो. हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत मलाही त्याची कल्पना नव्हती.

"अरे वा, दादा!" साडू मनापासून म्हणाला. "काही अडलं तर हाक मारा. समोरच तर आहे."

मदतीची तयारी दाखवणं हा अपमानाचा सर्वांत सभ्य प्रकार आहे आणि माझा साडू त्यात निष्णात आहे. बरं, राग धरावा तर तो खरोखरच मदत करतो. अशा माणसाचं काय करायचं?

आमच्या सोसायटीत छत्तीस फ्लॅट. इंटरनेटच्या तारा दोन. एक नवी, जलद. दुसरी जुनी, जिच्यावरून चित्र येईस्तोवर आपण काय बघायला बसलो होतो ते माणूस विसरतो. सगळे नव्या तारेवर आले तर तीही गुदमरते, म्हणून कोणाची वाहतूक केव्हा कुठल्या तारेने जाणार याचे नियम असतात. राउटर जिन्याखालच्या मीटरच्या कपाटात असतो आणि नियम नऊ वर्षं माझ्या डोक्यात असतात. हे काम मी मानद करतो. मानद म्हणजे शिव्या पूर्णवेळ आणि मान सवडीने.

सेक्रेटरींना योजना सांगायला गेलो. ते नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेले. एखादी गोष्ट सोपी होणार असं ऐकलं की ते अस्वस्थ होतात. मला वाटलं, जरा नव्या पद्धतीचं भारदस्तपण दाखवावं. म्हणून सांगितलं, "यात फाइलीतला प्रत्येक बदल लागू करण्याआधी दोन जणांनी तपासायचा असतो."

एवढं बोललो आणि फसलो. त्यांच्या चेहऱ्यावर नोकरीतली तकाकी परत आली.

"एक मी," ते म्हणाले. "दुसरे दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलीत. एक वेलांटी सुटणार नाही. तुम्ही फाइल कागदावर आणा."

"अहो, ती संगणकातच असते."

"मग सही कुठे करायची? काचेवर?"

चार दिवसांत बातमी फिरली आणि जिन्यात सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. चौथ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंचे शिष्य परगावी, ते पडद्यावरून शिकतात. त्यांना संध्याकाळी पाच ते सात नवी तार हवी होती. "आणि साडेसहाला खालचे दाताचे डॉक्टर सिनेमा लावतात, त्यांना तेवढा वेळ बंद ठेवा." डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या दारात गाठून विचारलं की गाणं जुन्या तारेने गेलं तर बेसूर होतं का, कारण होत नसेल तर बाईंना तिकडे हलवायला काय हरकत आहे. प्रत्येक जण शेवटी एकच विचारी, "समोरच्यांना दाखवलंत का? त्यांना यातलं फार कळतं म्हणे."

समोरच्यांना दाखवायचं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. ते इथे सांगूनच टाकतो.

गेल्या चार वर्षांत मी त्याच्या तीनशे दोन नंबरच्या फ्लॅटसाठी चार नियम हळूच टाकले होते. पहिल्याने त्याची संध्याकाळची वाहतूक जुन्या तारेवर गेली. दुसऱ्याने रविवार गेला. तिसऱ्याने सगळे दिवस, आणि चौथ्याने त्या जुन्या तारेवरही सर्वांच्या मागे रांगेत. मी दुष्ट नाही. प्रत्येक नियम टाकताना हा तात्पुरता आहे असं मी स्वतःला बजावलेलं होतं. तो बिचारा कंपनीला फोन करी, मॉडेम बदली, जिन्यात भेटला की मलाच विचारी, "दादा, तुमच्याकडेही असंच अडकतं का हो?" मी म्हणे, "सगळीकडेच बोंब आहे." आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागे.

नव्या फाइलीने ही भानगड परस्पर मिटणार होती. जे चित्रात नाही ते टूल काढून टाकतं, असं त्यानेच सांगितलं होतं. मी ते चार नियम फाइलीत लिहिलेच नाहीत. टूल चालेल, नियम गुपचूप नाहीसे होतील, साडूचं नेट धावायला लागेल आणि वर श्रेय मला मिळेल. पापाची अशी विल्हेवाट फार थोड्यांच्या वाट्याला येते.

फाइल छापून आजोबांकडे दिली. दोन दिवसांनी ती लाल शाईने न्हालेली परत आली.

"मजकूर बरा आहे," आजोबा म्हणाले, "पण समास कुठल्या कुठे! कुठे दोन अक्षरं जागा, कुठे चार. सगळं डावीकडे सरळ घेतलंय."

आता, त्या फाइलीत ओळीआधीची मोकळी जागा हाच अर्थ असतो. दोन जागा सोडल्या की ती ओळ वरच्या ओळीच्या पोटात, चार सोडल्या की पोटातल्या पोटात. मी हे आजोबांना तासभर समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे परिच्छेद." मग मोठ्या मनाने काही ओळी अंदाजाने पुन्हा आत ढकलल्या. सेक्रेटरींनी शिक्का मारला आणि शिक्का मारलेल्या कागदात फरक करणं हा गुन्हा असल्याचं सांगितलं.

मी तरीही बहुतेक ओळी जागच्या जागी लावल्या. गाण्याच्या बाईंची ओळ मात्र डॉक्टरांच्या पोटात राहून गेली.

शनिवारी सकाळी दहा वाजता मी टूल चालवलं. 'पूर्ण झाले' अशी अक्षरं उमटली आणि मी खुर्चीत मागे रेललो. छत्तीस फ्लॅट, एक फाइल. फोटो कुठल्या बाजूने चांगला येईल याचा विचार करत होतो, तेवढ्यात माझाच पडदा गोठला.

खिडकीतून आरडाओरडा ऐकू आला. सोसायटीचं फाटक मोबाइलवरून उघडतं आणि त्याचा संदेश याच राउटरमधून जातो. फाटकाचा रस्ता नऊ वर्षं आपापला चालू होता, म्हणून तो कधी माझ्या डोक्यात नव्हता. डोक्यात नव्हता म्हणून फाइलीत नव्हता. फाइलीत नव्हता म्हणून टूलने उपटून टाकला. सेक्रेटरी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन उन्हात बाहेर उभे होते. वरून गाण्याच्या बाई शनिवारचा सकाळचा वर्ग सोडून जिना उतरत आल्या. त्यांचा सा शिष्यांपर्यंत पोहोचेतो त्या पंचमावर गेलेल्या असत, आणि शिष्य प्रामाणिकपणे चार सेकंदांनी सा लावत.

मी दुरुस्त करायला बसलो तर राउटर मला ओळख दाखवीना. माझ्या स्वतःच्या संगणकाने आत यायचा रस्ता, तोही मी लिहिलेला नव्हता. सांगायचं तर, घर झाडताना मी स्वतःलाच बाहेर टाकून दार लावून घेतलं होतं.

मग तार घेऊन मीटरच्या कपाटात जाऊन उलट्या बादलीवर बसावं लागलं. गुडघे छातीशी, संगणक गुडघ्यावर, डोक्यावर छत्तीस मीटर गरगरतायत. जिन्यावरून पावलं आली आणि थांबली. कोणाची ते बघायची गरजच नव्हती. इतक्या व्यवस्थित इस्त्रीची विजार सोसायटीत एकाकडेच आहे.

"दादा," साडू खाली वाकून हलकेच म्हणाला, "ते टूल काही बदलायच्या आधी यादी दाखवतं ना, काय काय काढणार आणि काय घालणार. ती बघितलीत का?"

"अर्थात," मी म्हणालो.

अशी यादी असते हे मला त्या क्षणी कळलं.

"मग ठीक. लिंबूपाणी पाठवू का?"

"नको," मी म्हणालो. घसा कोरडा पडला होता. त्याच्या घरचं लिंबूपाणी फार चांगलं असतं हे माहीत असल्यामुळे तो आणखीच कोरडा पडला.

सुदैवाने जुन्या नियमांची प्रत मी ठेवलेली होती. तासाभरात सगळं पहिल्यासारखं झालं. फाटक उघडलं, बाई वर गेल्या, सेक्रेटरी आत आले. पहिल्यासारखं म्हणजे साडूचे चार नियमही आपापल्या जागी येऊन बसले.

सेक्रेटरींनी पाणी प्यायच्या आत फतवा काढला. "उद्या सकाळी सभागृहात सगळ्यांसमोर. ती यादी का काय, ती मोठ्या पडद्यावर दाखवायची. आजोबा मोठ्याने वाचतील, सर्वांची हरकत नसेल तरच पुढे."

या वेळी मी फाइल अगदी चोख केली. फाटक घातलं, माझा रस्ता घातला, बाईंना डॉक्टरांच्या पोटातून बाहेर काढलं. इतकी चोख की त्या नादात मी एकच गोष्ट विसरलो. जे जाणार आहे तेही यादीत दिसतं.

रविवारी सभागृह भरलं होतं. बायको आणि मेहुणी पहिल्या रांगेत शेजारी शेजारी, त्यांच्यामध्ये सासूबाई, खास आलेल्या. साडू मुद्दाम मागे उभा, मला पुढे मोकळी जागा मिळावी म्हणून. मी यादी पडद्यावर आणली. येणाऱ्या ओळी हिरव्या होत्या आणि खूप होत्या. माझी मान ताठ झाली. मग मी खाली सरकवलं आणि चार लाल ओळी वर आल्या.

नुसते नियम असते तरी मी काहीतरी बरळलो असतो. पण राउटरमध्ये प्रत्येक नियमापुढे नोंद लिहायची सोय असते, हा नियम का टाकला ते पुढे आठवावं म्हणून. सतरा वर्षांची सवय. मी कधी नोंद चुकवत नाही.

आजोबा उठले, चष्मा लावला आणि छापखान्यातल्यासारखे विरामचिन्हांसकट वाचू लागले.

"काढणार. फ्लॅट तीनशे दोन, संध्याकाळी जुनी तार. नोंद. 'गच्चीत दुर्बीण मांडली स्वल्पविराम सगळी सोसायटी चंद्र बघायला वर स्वल्पविराम ही पण पूर्णविराम.'"

'ही' पहिल्या रांगेत बसली होती. तिची पाठ ताठ झाली.

"काढणार. तीनशे दोन, रविवारी जुनी तार. नोंद. 'साडूला बढती स्वल्पविराम मला नाही पूर्णविराम.'"

"आजोबा, पुरे," मी म्हणालो.

"मध्ये सोडता येत नाही, ओळ चुकते," आजोबा म्हणाले. "काढणार. तीनशे दोन, सर्व दिवस जुनी तार. नोंद. 'सासूबाई म्हणाल्या एकेरी अवतरण धाकट्या जावयांच्या हातचा चहा एकेरी अवतरण संपलं उद्गारचिन्ह उद्गारचिन्ह उद्गारचिन्ह.' एक पुरे होतं. काढणार. तीनशे दोन, सर्वांत शेवटी. नोंद. 'फ्रीजवर फोटो.' इथे पूर्णविराम राहिलाय."

कोणीतरी खोकलं. डॉक्टर पडद्याकडे बघत होते, जसं एखाद्याच्या तोंडात बघतात तसं. सासूबाई हळूच म्हणाल्या, "चहा तुमचाही बरा असतो हो," आणि ते सर्वांत वाईट होतं.

पण खरी गोष्ट पुढेच होती. मेहुणी उभी राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी यांची परदेशातल्या नोकरीची मुलाखत होती. पडद्यावरून. मध्येच चित्र अडकलं आणि ती गेली. मी बाहेरून घरी आले तर यांनी सांगितलं, नेटने घात केला. म्हणजे ते तुम्ही?"

तोपर्यंत काही जणांना हसू आवरत नव्हतं. ते थांबलं. चंद्र, बढती, चहा इथपर्यंत मी माझ्या क्षुद्रपणाला ओळखत होतो. घरातल्यासारखा होता तो. कोणाची नोकरी घालवावी इतका तो वाढलाय याचा मला पत्ता नव्हता.

मी साडूकडे बघितलं. तो खाली बघत होता. तो दार उघडून बाहेर गेला.

सेक्रेटरींनी विचारलं, "यादीला कोणाची हरकत?" कोणाची नव्हती. मी कळ दाबली. सगळं बिनचूक लागू झालं. फाटक उघडत होतं, मिटत होतं. नऊ वर्षांत सोसायटीचं नेट इतकं चांगलं कधी चाललं नव्हतं आणि एकाही माणसाने मला तसं म्हटलं नाही.

घरी बायकोने ताट वाढलं आणि उठून आत गेली. तिचा राग आवाजी असला की मला उपाय माहीत असतो. हा बिनआवाजी होता. सोमवार गेला, मंगळवार गेला. मी समोरची बेल वाजवायला तीनदा दाराबाहेर आलो आणि तीनदा पायपुसणं झटकून परत आत गेलो.

बुधवारी संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमागे जाऊन उभा राहिलो. तिथे साडू आधीच होता. कठड्याला टेकून खाली बघत होता. विजार चुरगळलेली होती.

"माझं चुकलं," मी म्हणालो. तीन दिवस मी लांबलचक भाषण जुळवलं होतं, त्यातलं एवढंच आठवलं. "तुमची ती नोकरी…"

"दादा, थांबा," तो म्हणाला. बराच वेळ कठड्याचा पोपडा नखाने उकरत राहिला. "ती मुलाखत मी घरून दिलीच नव्हती."

"म्हणजे?"

"घरचं नेट बेभरवशाचं, म्हणून ऑफिसातल्या खोलीत बसलो होतो. तिथली तार उत्तम. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. त्यांनी राउटिंगवरच विचारलं. साधं होतं, दादा. हाताने नियम कसा टाकता ते सांगा, म्हणाले. मला टूलशिवाय काही आठवेना. पाच मिनिटं त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. शेवटी त्यांनीच आभार मानले." तो थांबला. "हिने बॅगासुद्धा काढल्या होत्या. त्या दिवशी ती बाहेर होती, मी घरूनच बोललो असं समजत होती. तिला काय सांगू? म्हटलं, नेट अडकलं. तेव्हापासून तेच चाललंय. आणि आता तुमच्यावर आलं."

खाली फाटक सरकल्याचा आवाज झाला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. हाताने नियम टाकणं. तो प्रश्न मला विचारला असता तर मी झोपेतून उठून सांगितलं असतं.

"मी तिला खरं सांगायला हवं," साडू म्हणाला. "तुम्ही म्हणाल तर आत्ता जाऊन सांगतो. तुम्ही फुकट बोल खाताय."

चार वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते माझ्या तळहातावर येऊन बसलं होतं. फक्त 'सांगा' म्हणायचं. मग बायको बोलायला लागली असती, मेहुणीने माझी क्षमा मागितली असती, फ्रीजवरचा फोटो निदान एका कोपऱ्यात सुटला असता. शब्द जिभेवर होता. पण तो माझ्याकडे ज्या तऱ्हेने बघत होता, तसा त्या पाच मिनिटांत पडद्यावरच्या लोकांकडे बघत असणार, असं मला उगाच वाटलं.

"राहू द्या," मी म्हणालो. "माझे चार नियम खरेच आहेत. त्यात एक पाचवा."

डोळे पुसायला त्याने खिशातून रुमाल काढला. रुमालाला इस्त्री होती.

घरात आलो तेव्हा बायको दाराशी उभी होती. तिने आम्हाला गच्चीवरून बरोबर उतरताना पाहिलं असावं. तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"काय म्हणाले ते?"

"माफ केलं म्हणाले."

तिने समोरच्या बंद दाराकडे बघितलं.

"एवढं सगळं होऊन," ती म्हणाली, "किती मोठ्या मनाचा माणूस आहे."

मी पाण्याचा पेला उचलला, घटाघटा प्यायलो, रिकामा पेला खाली ठेवला.

"आहे," मी म्हणालो.